तलासरीला तिसरं पान

आईच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

खाडीच्या काठी पिंड मांडून आम्ही सगळे लांब उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या सुरूच्या झाडांवर त्यांची चांगली पंगत बसली होती, पण एकही खाली उतरेना. मग आश्वासनं सुरू झाली. मामा हात जोडून म्हणाला, "वाडीची काळजी करू नकोस, चिकूचं एक झाड तुटणार नाही." आत्या म्हणाली, "तुझ्या पाटल्या तुझ्या लेकीलाच मिळतील." मी म्हणाले, "बाबांना मी सांभाळीन." सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून म्हणाले. मला काहीच वाटत नव्हतं, ऊन लागत होतं तेवढंच. बाबा मात्र एक शब्द बोलले नाहीत. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला.

त्या दिवसापासून बाबांचं जेवण सुटलं. ताटावर बसायचे, भात चिवडायचे आणि हात धुऊन उठायचे. तेरावा झाला, पाहुणे गेले, तरी तेच. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. मी रोज काहीतरी करून वाढायची आणि रोज झाकून ठेवायची. चिडायला हवं होतं, एरवी मी मिरचीसारखी तडतडणारी बाई. पण तेव्हा माझं तेही बंद पडलं होतं. त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलायची. मांडणीवरची भांडी वाजली की अख्खा पाडा अंगणात धावायचा, आणि मी अंथरुणात पडून विचार करायची, उठायलाच हवं का?

एके दुपारी आम्ही दोघं चिकू निवडत बसलो होतो. बाबा मान वर न करता म्हणाले, "तिचं काय राहिलं ते मला ठाऊक आहे."

"काय?"

"ते कोरियन हॉटेल."

एरवी मी पोट धरून हसले असते. गोष्ट खरी होती पण. शेवटच्या वर्षात आईला हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिकांचं वेड लागलं होतं. दुपारी टीव्ही लावून बसायची. नायक-नायिकेचं जमतंय की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसायचं, तिचं लक्ष ते काय खातात याकडे. "अगं, बघ, पातेल्याचं झाकण उलटं करून त्यात शेवया घेतात! बशी नाही की काही नाही." एकदा तिनं पाकिटातल्या शेवया करून आमटीच्या पातेल्याच्या झाकणात खाऊन बघितल्या. आमचं झाकण सपाट, त्यामुळे अर्ध्या साडीवर गेल्या.

आणि तलासरीच्या पुढे हायवेवर खरंच एक कोरियन हॉटेल निघालं होतं. गुजरातच्या हद्दीपलीकडच्या कारखान्यात कोरियन इंजिनिअर आले होते, त्यांच्यासाठी. टायरच्या दुकानावरचा मजला, वर लाल पाटी. आईला तपासायला वापीला नेताना ती पाटी दिसायची, आणि दर वेळी ती म्हणायची, "येताना थांबूया ना एकदा." बाबा दर वेळी म्हणायचे, "काय काय घालत असतील त्यात, देव जाणे. घरचं गिळवत नाही का तुला?" शेवटच्या खेपेला तिनं काही म्हटलं नाही. पाटी गेली तरी खिडकीतून मागे बघत राहिली.

"मी तिथे खाडीवर बोललो नाही," बाबा म्हणाले. "चार लोकांत काय सांगू? म्हणून ती रुसून गेली."

मी म्हटलं, "मग जाऊया." समजूत काढायलाही जीव लागतो, गाडी काढणं त्याहून सोपं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रानशेतवरून हायवेला लागलो. बाबांनी लग्नाकार्यातला सदरा घातला होता. जिना चढून वर गेलो तर आत तिखट, आंबलेला वास, मुरायच्या आधी झाकण उघडलेल्या लोणच्यासारखा. एका टेबलावर तिघं कोरियन साहेब खाली मान घालून जेवत होते. वाढायला जवळच्याच वेवजी गावची एक बाई होती, माझ्याच वयाची, केसांवर जाळी घातलेली. गल्ल्यापाशी मालकीण, ठेंगणी, पांढऱ्या केसांची कोरियन बाई.

"दोघंच ना, ताई?" वेवजीच्या बाईनं विचारलं.

"तीन पानं मांडा," बाबा म्हणाले.

तिला वाटलं, कोणीतरी मागून येतंय. तिनं तीन पानं मांडली. काही मागायच्या आतच वाट्या यायला लागल्या. तिखटात आंबवलेला लाल कोबी, मुगाचे मोड, काकडी, आणि सुक्या मांदेलीएवढे मासे गोड-तिखट पाकात घोळवलेले. वाटी रिकामी झाली की ती विचारल्याशिवाय पुन्हा भरायची. "आग्रह करतात की हे लोक," बाबा म्हणाले, पण खाल्लं नाही. भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत आला. मी खात होते. तिखट होतं, गरम होतं, एवढं कळत होतं. चव म्हणाल तर मला कुठलीच लागत नव्हती. समोर आईची रिकामी खुर्ची होती. आता तरी रडू येईल म्हणून मी थोडा वेळ थांबले. आलं नाही, मग काकडी घेतली.

शेवयांचं पितळी रंगाचं पातेलं आलं तेव्हा बाबांनी त्याचं झाकण मागून घेतलं. उलटं केलं, त्यात शेवया घातल्या आणि हळूच आईच्या जागेपुढे सरकवलं. जन्मात त्यांनी तिला कधी वाढलं नव्हतं. वाढणं हे तिचं काम, आणि 'मीठ कमी आहे' म्हणणं यांचं. मग त्यांनी तिच्या भाताची वाटी उघडली आणि चमचा बरोबर मधोमध उभा रोवला.

गल्ल्यावरून मालकीण लगबगीनं आली. हसली, मान लववली आणि चमचा काढून बाजूला ठेवला. बाबांनी तो उचलून पुन्हा भातात रोवला. ती बावरली. साहेबांनी माना वर केल्या.

वेवजीची बाई धावत आली. "काका, चमचा असा उभा नका ठेऊ. बाईंना नाय चालत."

"का?"

ती ओशाळली. "त्यांच्यात ना, मेलेल्या माणसाचं पान असं मांडतात."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "राहू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग ती मालकिणीला हातवारे करत मोडक्या हिंदीत सांगू लागली, "मॅडम, आंटी का है. आंटी नही है." मालकीण त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग वाकली, कलता झालेला चमचा तिनं सरळ केला, जेवायच्या काड्या उचलून माशांच्या वाटीवर नीट आडव्या ठेवल्या, आणि खुर्चीपुढे मान खाली घालून उभी राहिली. कोणाची कोण ती. आमचे अर्धे नातेवाईक दहाव्याला फोनवर बोलत होते.

ती गेल्यावर बाबांनी दोन घास खाल्ले. दोनच, पण चिवडले नाहीत.

निघताना वेवजीची बाई म्हणाली, "मॅडम सांगतात, ते पान आता तुम्ही खायचं. त्यांच्यात घरचेच खातात."

"आमच्यात कावळा खातो," बाबा म्हणाले. तिनं ते कसं समजावलं कोण जाणे, पण मालकिणीनं स्वतः भात आणि शेवया डब्यात भरून दिल्या.

सकाळी बाबांनी आंघोळ करून डबा मागच्या धुण्याच्या कट्ट्यावर रिकामा केला. माणूस बघत असला की कावळा येत नाही म्हणतात, म्हणून ते कट्ट्याकडे पाठ करून वाडीकडे तोंड करून उभे राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारात. त्या कट्ट्यावरून कावळ्यांनी साबणाची वडीसुद्धा सोडलेली नाही, पण त्या दिवशी एक मेला येईना. बाबांची मान हळूहळू खाली जात होती. तेवढ्यात एक साळुंकी उतरली. तुरुतुरु चालत भातापाशी आली, एक लांब शेवई ओढली आणि कलकलाट करत उडून गेली. वाडीत जन्म काढलेल्या माणसाला साळुंकीचा आवाज कळला नसेल, असं मला अजूनही वाटत नाही.

"शिवला?" बाबांनी न वळता विचारलं.

"शिवला," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

बाबांनी वळून रिकामा डबा उचलला. मग म्हणाले, "बरं झालं. चहा टाक. आणि रात्रीची भाकरी असली तर दे."