हाफिजभाईंची छोटी लाईन

ऊर्जानगरच्या क्लबात कॅरमच्या खोलीमागे एक लांबट हॉल होता. अर्ध्या हॉलमध्ये आमच्या महिला मंडळाचा शिवणवर्ग आणि अर्ध्यात हाफिजभाईंची टेबलांवरची खेळण्यातली रेल्वे. त्यांची टेबलं वाढत वाढत आमच्या मशिनींपर्यंत आली, तेव्हा मी त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. त्यांनी सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक टेबल आणून जोडलं. असा माणूस. पुढे बाया शिवण टाकून गाडी बघायला लागल्या, मग मीही नाद सोडला.

हाफिजभाई वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागात टेक्निशियन होते. घराणं चंद्रपुरातलं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं, त्यामुळे बारीक कामाला हात बसलेला. चांदा फोर्टहून नागभीडकडे जाणारी छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, उखडून मोठी झाली, तेव्हा गावातल्या लोकांनी पेढे वाटले. हाफिजभाईंनी मात्र ती लाकडी टेबलांवर पुन्हा टाकायला घेतली. रूळ आणि चाकं त्यांचा मेहुणा अजीम दुबईहून आणायचा. इंजिनं ते स्वतः पितळी पत्र्याची करायचे, आत टेपरेकॉर्डरची मोटर.

सोमाजी त्यांना क्लबातच भेटला. तो केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता, गाव तळोधीकडचं, घर ढिवराचं. तलावातले मासे आणि शिंगाडे यांवर घर चालायचं. क्लबात ट्यूबलाइट बदलायला म्हणून आला आणि शिडी तशीच ठेवून टेबलापाशी उभा राहिला.

“भाऊ, टेशन तं नागभीडचंच दिसून राह्यलं. पन बाजूची बोडी कुठी गेली?”

हाफिजभाई म्हणाले, “तू बनव.”

आणि त्यानं बनवली. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. सोमाजीच्या बोडीला मातीची पाळ होती, कापडाच्या कातरणांचे शिंगाड्याचे वेल होते, मच्छरदाणीच्या तुकड्याचं जाळं होतं आणि आत खरं पाणी होतं. कातरणं आमच्याच वर्गातली. पाण्यावरून हाफिजभाई कुरकुरायचे, पण सोमाजी ऐकायचा नाही. “बिनपान्याची बोडी असते काय भाऊ?” असं म्हणून तो हसायचा. पुढे जंगल, फाटक, बाजार सगळं त्यानंच उभं केलं. विजेचं तेवढं हाफिजभाईंचं. दोघं तासन्‌तास एकमेकांशी न बोलता काम करायचे, आणि त्यांच्या बायको मलिकाभाभी मला म्हणायच्या, “बाई, माह्याशी तं हे इतके चूपही बसत नाईत.” हाफिजभाईंना ऊर्जानगरात मित्र असा हा एकच होता. साहेबांना ते फटकळ वाटायचे आणि बरोबरीच्यांना शिष्ट.

दोन हजार तीनच्या सुमारास अजीमनं एक नवी पेटी आणली. डिजिटल कंट्रोल. तोवर गाडी चालायची ती बटण फिरवून. जितकं फिरवाल तितकी वीज रुळात, तितका वेग. एका रुळावर दोन गाड्या ठेवल्या की दोन्ही एकदमच पळायच्या, म्हणून लाईनचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळी वीज दिलेली असायची. नव्या पद्धतीत सगळ्या रुळांत कायम एकच वीज. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप, तिला तिचा नंबर. पेटीवर नंबर दाबायचा, तेच इंजिन हलणार. सोबतच्या कागदावर ठळक सांगितलं होतं की जुनी वीज कुठेही जोडलेली ठेवू नका.

हाफिजभाईंनी ती सगळीकडची काढली. फक्त नागभीडच्या लूप लाईनची ठेवली. लूप लाईन म्हणजे स्टेशनातला बाजूचा रूळ, जिथे एक गाडी थांबवून दुसरीला वाट देतात. ही त्यांची नोकरीची सवय. वीज केंद्रातला माणूस एकच पंप कधी ठेवणार नाही, बाजूला दुसरा तयार असतोच. त्याला ते स्टँडबाय म्हणतात. नवी पेटी दगा देईल तर निदान एका रुळावर गाडी चालावी, म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर टेबलाखालच्या कपाटात तसाच चालू राहिला. लावला आणि विसरले. चाचणीत गाडी मुख्य रुळावरच फिरवली, ती झकास फिरली.

क्लबच्या स्नेहसंमेलनात मोठे साहेब बघायला आले. हॉल माणसांनी गच्च. दोन गाड्या एकाच लाईनवर समोरासमोर येणार, एक लूपमध्ये शिरणार, दुसरी निघून जाणार, हे या नव्या पेटीचं खरं कौतुक. हाफिजभाईंनी नंबर दाबला. पहिलं इंजिन लूपच्या सांध्यावर आलं, फट आवाज झाला, जळका वास सुटला आणि सगळी लाईन बंद पडली. कुणीतरी हसलं. साहेब “प्रयत्न चांगला आहे” म्हणून घड्याळाकडे बघायला लागले.

लूप लाईन बोडीला लागूनच होती. हाफिजभाईंनी रुळाकडे पाहिलं, बोडीत चकाकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि सोमाजीकडे वळले.

“कितीदा सांगितलं होतं तुले, रुळाजवळ पानी नको! मासे मारनाऱ्याले मशीनीजवळ आनलं, माहीच चूक झाली.”

साऱ्या लोकांपुढे. सोमाजीनं त्या दिवसापुरता इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो काहीतरी बोलायला पुढे झाला, पण हाफिजभाई पाठ फिरवून पेटी उघडत होते. मग तो निघून गेला. महिनाअखेर ठेकेदाराकडचं काम सोडून गावी गेल्याचं कळलं. मला तेव्हा हाफिजभाईंचा असा संताप आला होता की आजही हे लिहिताना पेन जोरात दाबलं जातंय.

त्यानंतर त्यांची शोधाशोध सुरू झाली. ड्यूटीवरून सुटले की मीटर घेऊन टेबलाखाली. नव्या पेटीची प्रत्येक तार सोडवायची, मोजायची, परत जोडायची. पाणी झिरपून लाकडात ओल धरली असणार, हे डोक्यात पक्कं. आठवड्याभरानं क्लबचा शिपाई डोमा याला सांगून त्यांनी बोडी फोडून टाकली. पाळ, वेल, जाळं सगळं घमेल्यात गेलं. आतून एक प्लॅस्टिकचा कागद निघाला, तोही गेला. बोडी कोरडी होती, पण उन्हं तापायला लागली होती, पाणी आटलं असेल असं सगळ्यांनीच धरून चाललं. लाकूड उन्हात वाळवलं, अजीमनं पाठवलेली दुसरी चिप बसवली आणि इंजिन लूपमध्ये घातलं. पुन्हा फट.

त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मलिकाभाभींनी सांगितलं. मी म्हटलं, बोडी गेली तरी जळतंय ना, मग सोमाजीची चूक कुठे राहिली? आता तरी जा त्याच्याकडे. ते म्हणाले, “बिघाड सापडू द्या, मंग जातो.” बिघाड माणसापेक्षा मोठा झाला होता. त्याच दिवशी तळोधीची एसटी धरली असती तर बहुतेक सारं निभावलं असतं. नाही धरली.

शेवटी पावसाळ्यात बिघाड सापडला, तो मलिकाभाभींना. हॉल झाडताना फडकं काढायला त्यांनी कपाटात हात घातला.

“अवो, हे डबडं काऊन इतकं गरम हाय?”

हाफिजभाई आले, वाकले आणि त्यांनी ते बाहेर ओढलं. ट्रान्सफॉर्मरवर त्यांच्याच अक्षरात लाल रंगानं ‘स्टँडबाय’ लिहिलं होतं. इंजिनाची चाकं सांध्यावर आली की नवी वीज आणि जुनी वीज एकमेकींना भिडत होती आणि मधल्या मध्ये चिप जळत होती. त्यांनी दोन तारा काढल्या आणि लूपलाही नव्या पेटीची वीज दिली. तिसरी चिप बसवल्यावर गाडी लूपमध्ये शिरली, थांबली, दुसरी बाजूनं निघून गेली. बघायला आम्ही दोघी होतो. टाळी कुणाच्याच हातून वाजली नाही.

पावसाळा संपता संपता आम्ही तिघं सोमाजीच्या गावी गेलो. तो तलावावरून नुकताच आला होता, अंगावर ओला पंचा. आम्हाला बघून त्यानं खाट टाकली, बायकोला, गोकुळाला, चहा ठेवायला सांगितला. उकडलेले शिंगाडे पुढे केले. हाफिजभाईंनी एकही शिंगाडा न सोलता सगळं सांगून टाकलं. चूक आपली, जुनी तार आपली, लोकांपुढे नको ते बोललो. बोडीही फोडली.

“फोडली?” सोमाजीनं विचारलं. मग म्हणाला, “तिच्यात पानी नवतंच भाऊ त्या दिवशी. तुमची नवीन मशीन, मले भेव वाटला. आदल्या दिवशीच सारं पानी काढलं, अन् वरून प्लॅस्टिक लावलं चकाकाले.”

हाफिजभाईंचा चेहरा मला बघवला नाही. “मंग बोलला काऊन नाई तू?”

“सांगाले आलतो. तुमी पाठ केली.”

गोकुळानं चहा आणून दिला. तो सगळ्यांनी प्याला. निघताना हाफिजभाईंनी सोमाजीचा हात धरला. म्हणाले, “चाल वापस. बोडी तुह्यासारखी कोनाले जमनार नाई. पाह्यजे तेवढं पानी भर.”

सोमाजीनं हात सोडवून घेतला नाही. उलट त्यांच्या हातावर दुसरा हात ठेवला.

“राग नाई भाऊ माह्या मनात, खरंच नाई. पन मी येत नाई. उद्या आनखी काई बंद पडलं, तं तुमी पयले माह्याकडेच पाहान.”

हाफिजभाईंनी हात काढून घेतला. ‘नाही पाहणार’ असं न म्हणताच ते एसटीच्या वाटेला लागले.