एका पत्त्याची दोन उत्तरे

आदरणीय सुनंदाताई कोळी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते उरणच्या आमच्या कंटेनर यार्डात, टेबलाखाली वाकलेल्या. नेटवर्क विभागाच्या प्रमुख अशा भेटतील, असे वाटले नव्हते. "टॉर्च धर," म्हणाल्या. नाव नंतर विचारले. त्याच ताईंच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला मिळते आहे, म्हणून हा लेख लिहिताना मला आनंदाने एका जागी बसवत नाही!

मी बारावी अर्धवट सोडून कंत्राटावर वायरी ओढायला आलो होतो. ताईंनी मला टीसीपीडम्प दाखवले. नेटवर्कमधून जाणारी माहितीची पॅकेटे पकडून दाखवणारे हे टूल. ना चित्रे, ना माऊस. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि बघत बसायचे. गेटवरच्या जुनाट संगणकावरही ते सहज चालते. ताई दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या, त्यांचे वडील खाडीत डोल जाळे लावायचे. "डोल माशामागं धावत नाय," त्या म्हणाल्या. "पान्यात गप उभी असते. आपनही वाहत्याला हात लावायचा नाय, नुसतं बघायचं."

बघण्यालाही त्यांची मर्यादा असे. परवानगीशिवाय त्यांनी कधी पॅकेट पकडले नाही. एकदा एक सुपरवायझर हळूच म्हणाले, "ताई, आमची पोरं दिवसभर कोणाशी चॅट करतात, बघा ना जरा."

"मी लिफाफ्यावरचा पत्ता बघते," ताई हसल्या. "आतलं पत्र बघायचं तर तुमच्यापासून सुरुवात करू?"

सुपरवायझरांनी चहा मागवला.

माझ्यासाठी मात्र ताई म्हणजे तो गेटचा दिवस. गेटच्या संगणकाचे नेटवर्क मध्येच चाले, मध्येच तुटे. ट्रेलरांची रांग रस्त्यापर्यंत गेली. एक चालक ओरडला, "ओ भाऊ, ट्रेलर इथंच म्हातारा करता काय?" व्यवस्थापकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "वायर यानेच ओढली. उद्यापासून दुसरा माणूस बघा." घरात कमावणारा मी एकटाच.

"आधी डोल लावू," ताई म्हणाल्या, "मग मासा कोनाचा ते बोलू."

'हा पत्ता कोणाचा?' ही नेटवर्कवरची विचारणा आणि तिची उत्तरे, एवढीच पकडायची होती. कमांड त्यांनी मलाच टाइप करायला लावली. प्रत्येक अक्षर तपासून मी ती चालवली. ओळी सरकू लागल्या आणि मी ओरडलोच, "ताई, पत्ता एकच, उत्तर दोघांचं!"

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राचा पत्ता वेगळा लागतो. इथे गेटचा संगणक आणि नवा कॅमेरा एकाच पत्त्यावर हक्क सांगत होते. वायर निर्दोष होती!

कॅमेऱ्याला तो पत्ता कोणी दिला, हे ताईंशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. ताई गप्प राहू शकल्या असत्या. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "साहेब, तो मी दिला. चूक माझी हाय. पोराला कामावर राहू द्या."

व्यवस्थापक म्हणाले, "मग पत्ता बदला, ताई. आणि हा राहतोय." गेट सुरू झाले. तो चालक जाताना लांबलचक हॉर्न देऊन गेला.

आज त्याच यार्डात मी नव्या मुलांना ती कमांड शिकवतो. पडद्यावर आपलेच नाव आले, तरी ते मोठ्याने वाचायचे, हेही सांगतो.

ताई, तुमचे गुडघे, तुमची नजर आणि ते टोमणे शंभरीपर्यंत असेच खणखणीत राहोत. टेबलाखाली आता आम्ही वाकतो. तुम्ही फक्त टॉर्च धरा.