रमाची अट

रमा मेश्राम गोल बाजारात फुलं विकते. सकाळी गुढियारीतून ऑटोने येते, शेवंती-मोगऱ्याची टोपली मांडते आणि गिऱ्हाईक येईपर्यंत गजरे ओवत बसते. लग्नाचे हार तिच्याच हातचे हवेत, असं म्हणणारी बरीच मराठी घरं रायपुरात आहेत.

रमाच्या लहानपणी तिची आई लग्नाच्या हॉलबाहेर गजरे विकायची. एकदा आतून बोलावणं आलं. नवरीपुढे पाकळ्या उधळायला एक मुलगी कमी पडत होती. आठ वर्षांच्या रमाला कुणाचा तरी झालरीचा फ्रॉक घातला, हातात परडी दिली. ती ऐटीत चालली, फोटोतही आली. ते आटोपताच फ्रॉक काढून घेतला आणि मागे, भांडी घासायच्या जागी, तिच्यापुढे पुरी-भाजी ठेवली. ती न खाताच बाहेर आली. आईने विचारलं तर म्हणाली, "पोट भरलं."

गेल्या वर्षी शंकर नगरच्या रुचिताचं लग्न होतं. रमा हार घेऊन हॉलवर पोचली, सोबत तिची मुलगी मोनाली. नवरीपुढे पाकळ्या उधळत चालणार होती ती रुचिताची भाची तापाने फणफणली होती. रुचिताची काकू लताबाई मोनालीकडे पाहून म्हणाली, "हिलेच चालू दे न पुढं. फ्रॉक आहे आमच्याजवळ."

"मम्मी, मैं जाऊँ?" मोनालीने लगेच विचारलं.

रमाने टोपली खाली ठेवली. "जेवायले कुठं बसवाल तिले?"

"डबा देऊ न भरून."

"मंग राहू द्या, ताई."

"काहून वो? नाराज झाली का?"

"नाही. पोट्टी पाहुण्यांच्या पुढं चालन, तं त्यांच्याच पंगतीत बसन."

रमाचा आवाज चढला नव्हता, पण आतल्या खोलीत रुचिताने ऐकलं. ती दारात येऊन म्हणाली, "माझ्या बाजूले बसन ती."

मग लताबाईनेच मोनालीची वेणी सोडून नीट घातली.

मोनाली स्वतःच्याच पिवळ्या फ्रॉकमध्ये चालली. पाकळ्या तिने सुरुवातीलाच मुठी भरभरून उधळल्या. पुढे परडी रिकामी, तरी हात हलवत राहिली. जेवताना नवरीशेजारी बसून तिने गुलाबजाम पुन्हा मागून घेतले. लताबाईने रमालाही हात धरून बसवलं. तिने पहिला घास उचलून पुन्हा ताटात ठेवला.

"भाजीत मीठ कमी आहे का?" लताबाईने विचारलं.

"नाही, बराबर आहे," म्हणत रमा जेवू लागली.

आता मोनालीला बोलावणी येतात. रमा आधीच अट सांगते. काही लोक ऐकून निघून जातात. कधी मोनालीच म्हणते, "आज नहीं, खेलना है." मग रमा नुसते हार बांधून देते.