डोंगरवाटेवरची फुली

स्काऊटमध्ये मुलांच्या संघांना प्राण्यांची नावं असतात आणि गाईडमध्ये मुलींच्या संघांना फुलांची. तिकडे वाघ, चित्ता, लांडगा. इकडे मोगरा, गुलाब, जास्वंद. मी जास्वंद संघाची नायिका होते. शिबिराच्या पहिल्याच दिवशी मी शिबिरप्रमुख सरांना विचारलं की मुलींच्या एखाद्या संघाचं नाव घार का असू नये. ते म्हणाले, घार शोभेल का तुम्हाला? सगळी रांग हसली. त्यात आमच्या मुलीही होत्या. मी हसले नाही, आणि त्या दिवसापासून सर मला 'घार' म्हणायला लागले.

माझं घर रोह्याचं. वडील कंपनीत. आमच्याकडे पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती, शिफ्ट सुटताना गेटवर वाटायची, युनियनची. मी त्यांवरच वाचायला शिकले आणि सुट्टीत त्यांच्या घड्या घालणं हे माझं काम असे. पत्रकात विशेषणं कमी आणि मागणी आधी, असं वडील सांगत. जे छापलं ते उद्या गेटवर उभं राहून तोंडाने बोलता आलं पाहिजे, हेही सांगत.

म्हणूनच बहुधा गाईडमध्ये मला सगळ्यात जास्त आवडली ती मार्गचिन्हं. पुढे गेलेल्या संघाने मागच्यांसाठी वाटेवर दगडांनी, काटक्यांनी खुणा करायच्या. बाण म्हणजे इकडून या. फुली म्हणजे ही वाट नाही. गोलात एक दगड म्हणजे मुक्काम आला, चालणं संपलं. त्यात कुणी सजावट करत नाही. आणि शिकवतानाच सांगतात की खूण खोटी टाकायची नाही, मागून येणारा तुमच्या भरवशावर चालतो. हे आम्हाला ज्यांनी शिकवलं ते सर आणि शिबिरप्रमुख सर एकच. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

ते उन्हाळी शिबिर गागोद्याच्या मागच्या डोंगरात, एका वाडीवरच्या शाळेत होतं. पेणचे स्काऊट आणि आम्ही रोह्याकडच्या गाईड. माझ्या संघाची उपनायिका निडीजवळच्या गावातली होती. तिचे वडील सौदीला, त्यामुळे घरातला शब्द मामूचा. तिला शिबिराला पाठवा म्हणून आमच्या गाईड कॅप्टन बाई स्वतः तिच्या घरी जाऊन बसल्या होत्या. मामूने हो म्हटलं, पण हे शेवटचं, असं सांगून. दहावीच्या वर्षात मुलगी कुठे जाणार नाही.

तिला गाईडचा राज्य पुरस्कार हवा होता. गाठी, प्रथमोपचार, सगळ्या चाचण्या झालेल्या, फक्त हाईक राहिली होती. संघाबरोबर दिवसभर चालायचं, खुणा ओळखत वरच्या पठारावर पोचायचं आणि परत यायचं. पुरस्काराचं तिला वेड नव्हतं, हिशेब होता. पहिल्या संध्याकाळी भांडी घासताना तिने तो मला सांगितला. मामू तिचं बोलणं ऐकत नसे, पण सरकारी शिक्का असलेल्या कागदाला मान देत असे. तसा कागद त्याच्यापुढे ठेवायचा आणि मग म्हणायचं, मला पेणच्या कॉलेजात जाऊ दे.

हाईकच्या दिवशी मुलं उजाडताच निघाली. वाघ संघ पुढे राहून खुणा टाकणार होता. त्यांच्या मागून थोड्या वेळाने आम्ही मुलींचे तिन्ही संघ. वाट चांगली होती. वाळलेलं गवत, ऐनाची झाडं, मध्येच करवंदीच्या जाळ्या. बाण स्पष्ट होते, जरा जास्तच स्पष्ट, कुठेही चुकायला जागा नव्हती. मग एक फाटा आला. एक वाट कारवीतून सरळ वर जात होती आणि दुसरी कोरड्या ओहोळाच्या कडेने खाली उतरत होती. वरच्या वाटेवर काटक्यांची भलीमोठी फुली. खालच्या वाटेकडे बाण.

"पठार वर हाय ना गो? मग ही खाली कशी काय?" माझी उपनायिका म्हणाली.

मी म्हणाले की फुली आहे म्हणजे काहीतरी असणार. वर मोहोळ असेल, नाहीतर दरड सुटली असेल. मुलं बघून गेली आहेत. आम्हाला तसंच शिकवलं होतं आणि आम्ही तशाच वागलो. डोंगरातलं कुठलंही पोर समोरचा चढ बघून वर गेलं असतं. आम्ही खूण बघितली आणि खाली उतरलो.

वाट डोंगराच्या कुशीतून वळत गेली. पुढे फोडणीचा वास आला. गुलाब संघातली एक म्हणाली, वाडीत कुणाकडे लग्न आहे वाटतं. शेवटचा बाण कुंपणातल्या वाटेकडे होता. आत शिरलो तर आमचीच शाळा, मागची बाजू. चुलीपासून थोड्या अंतरावर दगडांचा गोल आणि गोलात एक दगड.

सर खुर्चीवर बसले होते. आम्हाला बघून त्यांना खरोखर आनंद झाला.

"आलात? शाबास. हाईक झाली तुमची. आता हातपाय धुवा आणि कांदे घ्या चिरायला."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी खुशीत. दुपारी पेणहून पाहुणे जेवायला यायचे होते. आचाऱ्याने ऐन वेळी दगा दिला होता. एवढ्या उन्हात मुलींना वर कशाला पाठवायचं, असंही त्यांच्या मनात होतंच. तेव्हा पहाटे त्यांनी वाघ संघाच्या नायकाला बाजूला घेऊन आमच्यासाठी हा छोटा फेरा आखून दिला. मुलींचं चालणं झालं, खुणा ओळखणं झालं आणि स्वयंपाकालाही वेळेत हात मिळाले. आपली युक्ती त्यांना फार आवडली होती. सगळ्यांच्या हाईकवर मी सही करणार आहे, काळजी करू नका, म्हणाले.

माझा राग स्वयंपाकावर नव्हता. शिबिरात सगळेच संघ पाळीने रांधतात, मी घरीही रांधते. सकाळी त्यांनी तोंडावर सांगितलं असतं की आचारी आला नाही, तुम्ही थांबा, तर मी भांडले असते, मुलांनाही थांबवा म्हटलं असतं, कदाचित हरले असते. ते भांडण तरी सरळ झालं असतं. ते टाळायला त्यांनी खुणा वापरल्या. आम्ही ज्या एका गोष्टीवर न विचारता विश्वास ठेवतो तीच त्यांनी आम्हाला चुलीकडे वळवायला वापरली, आणि वर बक्षीस म्हणून खोटी सही देऊ केली. खोटं बोलायला त्यांना तोंडही उघडावं लागलं नाही.

"सर, आम्ही चढलो नाय," माझी उपनायिका म्हणाली.

चाललात ना, मग तेच, असं म्हणून सर पाहुण्यांसाठी गाद्या घालायला सांगायला गेले.

बाई विळीवर नारळ खवत बसल्या होत्या. त्यांना सकाळपासून सगळं ठाऊक होतं हे त्यांच्या वर न बघण्यावरूनच कळत होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गो. सही मिळतेय ना सगळ्यांना." खवणं थांबलं नाही.

सही सगळ्यांपेक्षा जास्त जिला हवी होती ती माझ्या शेजारी सुरी हातात घेऊन उभी होती. तिने कांदे घेतले असते तर मी तिला एका शब्दाने बोलले नसते. तिला मिळायचं ते तिथेच, सावलीत बसून मिळणार होतं. तिने सुरी पाटावर ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"डोंगर कसा होता म्हणून मामूने विचारलं तर काय सांगू? कांद्यासारखा?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू नायिका हायेस. हुकूम दे."

मी शिट्टी वाजवली. जास्वंद संघ उठला. मोगरा आणि गुलाब बसून राहिले. त्यांच्यातली एक मागून ओरडली की घारीबाई, तुमच्या वाटणीचे कांदेही आता आम्हीच चिरायचे काय. तिचं बरोबर होतं. सरांविरुद्ध आम्ही उठलो, पण भार पडला तो त्यांच्यावर.

फाट्यावर आलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. ती फुलीपाशी बसली आणि एकेक काटकी उचलून झाडीत टाकू लागली. शेवटची काटकी उचलल्यावर थांबली. खाली मातीत बाण होता. वर जाणारा, खोल ओढलेला, नीट. वाघ संघाने आधी आपला खरा बाण काढला होता आणि मग त्याच्यावर फुली ठेवली होती.

आम्ही चढलो. कारवीच्या सुक्या काड्यांनी हात ओरबाडले, पाणी अर्ध्या वाटेतच संपलं. पठारावर पोचलो तेव्हा मुलं एका आंब्याखाली डबे उघडून बसली होती. आम्हाला बघून वाघ संघाचा नायक घास तसाच हातात धरून उठला. पेणचा, हुशार, बोलायला चांगला मुलगा. मी काही विचारायच्या आत म्हणाला की सरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, सर सांगतील ते सगळं करणार का? त्याने हातातला घास डब्यात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी फुलीखालचा बाण पुसला नव्हता."

त्याला वाटलं होतं, यासाठी आम्ही त्याला थोडं तरी चांगलं म्हणू.

"मग तो वर ठेवायचा होतास," माझी उपनायिका म्हणाली, आणि त्याच्या बाटलीतलं पाणी त्याला न विचारता प्यायली.

तिथून खाडी दिसत होती, उन्हात पत्र्यासारखी. ती कितीतरी वेळ आपलं गाव शोधत होती. मध्ये डोंगर असल्याने ते दिसणं शक्य नव्हतं, पण मीही तिच्याबरोबर शोधू लागले.

संध्याकाळी झेंडा उतरवताना सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की जास्वंद संघाने आज्ञाभंग केला आहे, त्यांची हाईक धरली जाणार नाही. मोगरा आणि गुलाब यांची धरली. मी ओळीतून एक पाऊल पुढे आले आणि विचारलं, "सर, जे डोंगर चढले त्यांची हाईक नाही, आणि ज्यांना तुम्ही कांदे चिरायला बसवलंत त्यांची आहे?"

"हाईक म्हणजे शिस्त, घार," सर म्हणाले. मुलं हसली. वाघ संघाचा नायक हसला नाही. पण पहाटेनंतर सरांपुढे गप्प राहण्याची त्याची ही दुसरी वेळ होती, आणि मी ती त्याच्या बाजूने धरत नाही.

परतीच्या गाडीत पेण सुटल्यावर मी बाईंना गाठलं. गाईडच्या चाचणीवर सही गाईड कॅप्टनची असते. नियम त्यांनीच आम्हाला वाचून दाखवला होता. पेन त्यांच्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, तुम्ही करा सही, आमच्यासाठी नको, हिच्या एकटीसाठी करा, हिला पुढच्या वर्षी येता येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच हिच्या घरी गेला होतात. बाई म्हणाल्या की वर पुन्हा सरांची सही लागते, माझ्या एकटीची कोण धरतं. मग म्हणाल्या, बघू. आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. कासू गेलं, नागोठणं गेलं. बघू याचा अर्थ मला घरच्या पत्रकांतून ठाऊक होता. व्यवस्थापन गेटवर नेहमी तेच म्हणत असे.

माझं पहिलं पत्रक मी त्या आठवड्यात लिहिलं. वडिलांनी त्यातली सगळी विशेषणं काढली आणि एक मागणी ठेवली: चढलेल्या मुलींची हाईक धरा. ते स्काऊट-गाईडच्या वरच्या कार्यालयात पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढे जेव्हा जेव्हा मी ही गोष्ट सांगितली तेव्हा कुणी ना कुणी म्हणालं की असू दे, डोंगर तर चढलात, अनुभव मिळाला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिला अनुभव नको होता. तिला कागद हवा होता. मामूपुढे ठेवायला तिच्याजवळ काही नव्हतं आणि ती पेणच्या कॉलेजात आली नाही. डोंगर सुंदर होता म्हणून हे कमी होत नाही.

त्या परतीच्या दिवशी निडीला गाडी थांबली. मामू फलाटावर उभा होता, हातात तिच्यासाठी छत्री. उतरायच्या आधी तिने गळ्यातला स्कार्फ काढला. स्कार्फ शाळेचे असतात, शिबिर संपलं की परत करायचे. तिने तो त्रिकोणी घडी घालून माझ्या हातात दिला. बाई समोरच बसल्या होत्या, पण त्यांच्या हातात दिला नाही.

"पुढच्या साली माझ्या जागी जी येईल तिला दे," ती म्हणाली. "आणि सांग तिला, वाटेत फुली दिसली की आधी उचलून बघ."

गाडी हलली. मामूने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. बाई अजून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, त्या बाजूला नुसती कोरडी शेतं होती.