ओठाआडचे टाके

माझे खालचे समोरचे दोन दात लांब झालेत, असं मला वाटत होतं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी आरशात दाखवलं तेव्हा कळलं की दात होते तेवढेच आहेत, हिरड्या खाली सरकल्या आहेत. "मुळं उघडी पडलीत. किती जोरात घासता?" त्यांनी विचारलं. शाळेत पोरांना स्वच्छतेचे धडे देणारी बाई मी, जोरातच घासणार. मला त्यांचा रागच आला.

उपाय त्यांनी इतक्या शांतपणे सांगितला की त्या शांतपणानेच मी घाबरले. तोंडातल्या टाळूची पातळ कातडी कापायची आणि हिरडीवर शिवायची. तिथलं हाड आधीच झिजलेलं. हे कलम धरलं नाही तर दुसऱ्यांदा करून उपयोग होईलच असं नाही, मग दात जातील. "ऑपरेशनची भीती नका बाळगू," त्या म्हणाल्या. "भीती नंतरची. लोक ओठ खाली ओढून टाके बघतात, घरच्यांना दाखवतात, आणि कलम सरकतं. टाके निघेपर्यंत ओठाला हात लावायचा नाही."

ऐकताच मी भेटायला कोण कोण येईल ते मोजू लागले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणं म्हणजे जखम पाहणं. ती पाहिल्याशिवाय भेट झाली असं कोणी मानत नाही. मुतखडा पडला तर तोसुद्धा डबीत घालून पाहुण्यांपुढे फिरवतात.

ऑपरेशनमध्ये फारसं दुखलं नाही. दोरा ओठावरून सरकताना तेवढा जाणवत होता. नालवाडीला घरी परतले तर आई कारंज्याहून येऊन बसलेली. आईचे दात माझ्याच वयात गेले, सगळेच. कवळी तिला टोचते, म्हणून जेवताना काढून ठेवते, आणि चारचौघांत असली की जेवतच नाही. तिच्याकडे पाहताना मला माझंच पुढचं दिसायचं.

दुसऱ्या दिवसापासून भेटणारे सुरू झाले. देवळीची आत्याबाई आली ती थेट माझ्या हनुवटीपाशीच वाकली. "दाखव ना वं. काऊन लपवून राह्यली? आमी काय परके हाओत?" मला बोलायचीही मनाई. मी दोन्ही हात तोंडावर धरून नुसती मान हलवली, तर ती रुसली. शेजारीण मोबाईलची बत्ती लावूनच आत शिरली. बेल वाजली की मी भिंतीकडे तोंड फिरवायचे. पण दरवेळी आई मध्ये उभी राहायची. "डॉक्टरनं नाई म्हटलं ना बाई. चाय घ्या." आयुष्यभर कोणाला नाही म्हणता न आलेली माझी आई, आता दारात पहारा देत होती. तिच्या भरवशावर मला दुपारी गोळी घेऊन झोप लागू लागली.

आठवडाही झाला नव्हता. त्या दुपारी मी जागी झाले ती ओठ ताणला गेल्यामुळे. खिडकीचा पडदा पूर्ण सरकवलेला, चष्मा लावून आई माझ्यावर वाकलेली आणि तिचा अंगठा माझ्या ओठाच्या आत. मी दचकून मान झटकली. आत काहीतरी बारीक तुटलं. मग खारट चव आली.

मी ओरडले. जिने सगळ्यांना अडवलं तिनेच हे करावं, या संतापात मी तिला नको नको ते बोलले, आणि बोलताना रक्त हनुवटीवर ओघळत होतं. जीभ लावून चाचपायचं धैर्य मला होत नव्हतं. आई आपल्या अंगठ्याकडे पाहत उभी होती.

"पिकलं गिकलं तर नाई, एवढंच पाह्यत होती," ती म्हणाली. "माह्या टायमाले कोणीच पाह्यलं नव्हतं वं."