पांतेलिएची भूक

डोंगराच्या आमच्या बाजूला कुणी गेलं की आधी पाद्रीबाबांना निरोप जातो आणि मग तेयाला. अलीकडे तर मला वाटतं आधी तेयालाच जात असावा. प्रार्थना थोडी मागेपुढे झाली तरी मेलेला माणूस चालवून घेतो, जेवणाचं तसं नाही. तिचं पूर्ण नाव फिलोफ्तेया, पण एवढं नाव घेईपर्यंत फोडणी करपायची, म्हणून सगळे तेया म्हणतात. लग्नाचा स्वयंपाकही ती करते, पण तिचं नाव झालं ते मयताच्या जेवणांमुळे. गेलेल्याचं नाव घेऊन भरलेलं पान दुसऱ्याच्या हातात द्यायचं, घेणाऱ्याने ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि मग चवीने जेवायचं. इथे जेवलेलं तिथे पोचतं. याला आम्ही पोमाना म्हणतो. आसपासच्या गावांतले कितीतरी मेलेले तेयाच्या हातचं जेवून तृप्त पडलेले आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिचा स्वतःचा नवरा तेवढा त्यांत नव्हता.

पांतेलिए माझा मित्र. मी लाकडाचा ट्रक चालवायचो आणि तो शेजारी बसून खायचा. खरं तर ओंडके चढवणं-उतरवणं हे त्याचं काम होतं, पण मला तो आठवतो तो मांडीवर फडकं पसरून, त्यावर पाव, चीज आणि कांदा मांडून बसलेलाच. घरी तेया चुलीपाशी असली की हा पावाचा तुकडा घेऊन तिच्या मागे उभा. पहिला घास त्याचा. तो चाखायचा, डोळे मिटायचा, थोडा वेळ कुठेतरी लांब जाऊन यायचा आणि सांगायचा, मीठ कमी आहे, किंवा झालंय बरोबर. संसारभर तेयाने स्वतः चव म्हणून बघितली नाही. तो गेला तोही आलुबुखारांच्या हंगामात, झाडाखाली, तोंडात अर्धं फळ असताना.

दफनाच्या दिवशी तेयाने रीतीपुरतं जेवण घातलं आणि त्यानंतर नवऱ्याच्या नावाने एक पान वाढलं नाही. वर्ष सरलं, दुसरं सरलं, तिसरं लागलं. पितरांचे शनिवार आले आणि गेले. रीतीप्रमाणे त्याचं पान माझं होतं. त्याच्या वयाचा, त्याच्याच अंगापिंडाचा, कुंपणापलीकडचा मित्र, वर बायको नसलेला आणि स्वतःच्या हातची मक्याची उकड खाऊन कंटाळलेला. माझ्या पोटातून त्याने जेवायचं. पण तेया माझ्या दारावरून दुसऱ्यांच्या मयतांची पातेली घेऊन जायची आणि मला नुसता वास मिळायचा. गाव तिला चिक्कू म्हणू लागलं. मला ते पटत नव्हतं, पण भुकेल्या माणसाला सगळंच थोडं थोडं पटतं.

मग बोंदार आला. तेयाची मुलगी लाक्रामिओआरा स्पेनला म्हाताऱ्यांची सेवा करायला निघाली आणि जाताना हौसेने घेतलेलं लाब्राडॉरचं पिल्लू आईकडे टाकून गेली. ईस्टरपर्यंतच, म्हणाली. कुठल्या ईस्टरपर्यंत ते काही बोलली नाही. पिवळं, गुबगुबीत, फुलांत घुसणाऱ्या भुंग्यासारखं नाक खाली घालून गुणगुणणारं, म्हणून बोंदार. बोंदार म्हणजे भुंगाच.

त्याने पहिल्या आठवड्यात काय काय खाल्लं ते सांगायला बसलो तर माझंच पोट दुखेल. कोंबड्यांचा मका, कोंबड्यांसाठी ठेवलेली सालं, देवापुढची मेणबत्ती, धुण्याचा साबण, कच्ची आलुबुखारं आणि माझ्या चपलेचा पट्टा. बागेच्या त्या टोकाला उन्हात घोरत पडलेला असायचा आणि घरात कुणी चीजचं फडकं हळूच सोडलं की दारात हजर. उठताना, चालताना तो कुणाला दिसायचाच नाही. आत्ता तिथे होता, आता इथे आहे. जेवून झालं की रिकामं भांडं अंगणभर ढकलत फिरायचा, आणि ते भांडं दगडावर घासल्याचा आवाज दुपारच्या झोपेत माझ्या स्वप्नात यायचा. तिथे मला वाटायचं, लांब कुठेतरी पांतेलिए ट्रकचं दार उघडतोय.

गावचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, ही जातच अशी. पोट भरलं तरी त्यांना ते कळत नाही. “त्याला भूक लागलेली नसते बाई, त्याला फक्त तसं वाटतं.” जेवण अर्ध्यावर आणा, नाहीतर पाय वाकतील, असंही म्हणाले. तेयाने मान डोलावली आणि घरी येऊन त्याला दुधात पाव कुस्करून घातला.

ओल्त नदीवरून सकाळी धुकं चढतं ते आमच्या कुंपणापाशी येऊन थांबतं. कुंपण दिसत नाही, पलीकडचा माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. आमच्यातलं जे काही खरं बोलणं झालं ते अशाच सकाळी झालं. एकदा मी धुक्यातच तिला डिवचलं. म्हटलं, साऱ्या मुलखाचे मेलेले तुझ्या हातचं जेवतात, माझाच मित्र तेवढा उपाशी का?

मग तेया म्हणाली, “उपाशी आहे म्हणून तर येतो, नेआ ग्लिगोर.” मी तिच्याहून थोडा मोठा, म्हणून मला ती नेआ म्हणते.

तिने सांगितलं ते असं. पांतेलिए तिच्या स्वप्नात येतो. दर आठवड्याला, कधी दोनदाही. पलंगाच्या कडेला बसतो, टोपी गुडघ्यावर ठेवतो आणि विचारतो, आज काय केलंयस? ती सांगते. तो ऐकतो. कधी म्हणतो, त्यात बडीशेप घातलीस का? मग दोघं तसेच बसून राहतात आणि उजाडतं. आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे की मेलेला स्वप्नात भुकेला दिसला तर त्याच्या नावाने जेवण घालायचं, म्हणजे तो शांत होतो आणि पुन्हा येत नाही.

“जेवू घातलं की जाईल तो,” ती म्हणाली. “म्हणून नाही घालत. आता सांगा गावाला.”

मी गावाला सांगितलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण तो टिकला नाही. माझी बायको माझ्या स्वप्नात येऊन कधी काही मागत नाही. जिवंतपणीही मागत नव्हती.

त्यानंतर वसंतात, आलुबुखारांना पांढरा बहर आलेला असताना, ती चूक घडली. तेया कुणाच्या तरी पोमानेसाठी सारमाले रांधत होती. पानात खिमा आणि तांदूळ गुंडाळून मंद आचेवर शिजवलेले, पांतेलिएचा जीव की प्राण. नवरा गेल्यापासून तिची एक सवय होती. पहिली गुंडाळी काढायची, फुंकर मारायची, मागे हात करून म्हणायचं, “घे पांतेलिए, बघ कसं झालंय,” आणि मग मागे कुणी नाही म्हणून स्वतःच चाखायची. त्या दिवशी मागे बोंदार होता. हात आला, घास दिसला, त्याने घेतला. नाव घेऊन दिलेलं अन्न एका जिवाने चवीने खाल्लं. बोग्दाप्रोस्ते तेवढं राहिलं, पण शेपटीने त्याने काहीतरी म्हटलंच.

त्या आठवड्यात पांतेलिए आला नाही. पुढच्याही नाही.

तेया सैरभैर झाली. पाद्रीबाबांना जाऊन विचारलं, कुत्र्याने खाल्लेलं पोचतं का? ते म्हणाले, पोमाना माणसांसाठी असते, कुत्र्यांबद्दल कुठे लिहिलेलं नाही. नाही म्हणून लिहिलंय का, असं तिने विचारलं. तेही लिहिलेलं नव्हतं. मग तिने सगळा राग बोंदारवर काढला. डॉक्टरांचा सल्ला तिला एकाएकी आठवला. त्याचं जेवण अर्ध्यावर आलं, मग त्याच्याही अर्ध्यावर. पातेली वरच्या फळीवर गेली. बाहेरचा स्वयंपाक तिने घेणं थांबवलं. तिला वाटत होतं, घरात अन्नच शिजलं नाही तर तिकडची भूक परत जागी होईल. मी एकदा कुंपणावरून बोंदारला पाव टाकला, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कानाला खडा लावला. बोंदार रिकाम्या भांड्यावर हनुवटी टेकून पडायचा आणि नुसता तिच्याकडे बघायचा.

आणि पांतेलिए आला. जूनच्या एका सकाळी, दाट धुक्यात, तिने मला हाक मारली.

“आला होता. आत नाही आला. उंबऱ्यावरच बसला,” ती म्हणाली. “काय केलंयस म्हणून विचारलं नाही या वेळी. नुसता बघत होता. बोंदार बघतो ना, तसा.”

मी कुंपणाच्या आणखी जवळ सरकलो.

“सकाळी उठले ते त्या मुक्या जिवाला आधी पोटभर घातलं. मला नाही बघवलं, नेआ ग्लिगोर. एका कुत्र्याचं उपाशी तोंड मला महिनाभरही बघवलं नाही, आणि त्याला मी इतकी वर्षं पलंगाच्या कडेला उपाशी बसवून ठेवला. माझ्या सोबतीसाठी.”

ती रडत होती, ते धुक्यातूनही कळत होतं. मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, बोंदार पोटभर जेवला आणि तरी येऊन तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला. डॉक्टर काहीही म्हणोत, तेव्हा त्याला काही नको होतं. मग म्हणाली, “पांतेलिएही तसाच असेल तर येईल. नसेल तर नाही. पण जेवेल तरी.”

उन्हाळ्यातला पितरांचा शनिवार तोंडावर होता. तेयाने होरेझु गावच्या कुंभाराकडून नवी मातीची भांडी आणली, त्यांच्या कानांना चेरीचे घोस बांधले, प्रत्येकावर एक मेणबत्ती लावली. द्राक्षाच्या कोवळ्या पानांतले सारमाले, दुधातला भात, पाव. मला पांतेलिएच्या खुर्चीवर बसवलं. बोंदारला टेबलाखाली त्याचं वेगळं भांडं दिलं, त्याच पातेल्यातलं, म्हणजे त्याने माझं ओढू नये. ती स्वतः जेवली नाही. रांधताना जिभेवर थेंबही ठेवला नाही म्हणाली, सगळं त्याचं आहे.

“पांतेलिएच्या आत्म्यासाठी,” ती म्हणाली आणि भांडं माझ्या हातात दिलं. मला ठाऊक होतं ती काय देऊन टाकते आहे.

“बोग्दाप्रोस्ते,” मी म्हटलं आणि पहिला घास घेतला.

मीठ कमी होतं. चांगलं जाणवण्याइतकं कमी. मी फटकळ माणूस आहे, बिशपसाहेबांच्या पुढ्यातल्या सूपलाही मी नाव ठेवलेलं आहे. पण त्या दिवशी तेया समोर उभी होती, हात कमरेच्या फडक्यात गुंडाळून, आणि माझ्या तोंडाकडे असं बघत होती की जणू घास माझ्या गळ्यातून उतरताना तिला दिसत होता. मी डोळे मिटले आणि सगळं संपवलं. छान झालंय, म्हटलं. खाली बोंदारने भांडं चाटून टेबलाबाहेर ढकललं. उरलेलं तिने दारावरून जाणाऱ्या कुणालाही दिलं नाही, मलाच दुसऱ्यांदा वाढलं.

त्यानंतर तो येईना. जून गेला, गवत कापून झालं, सुकलं, त्याचे ढीग लागले. मी रोज सकाळी कुंपणाशी जायचो, ती मान हलवायची. नाही. मग मी बघणंच टाळू लागलो. मला चोरी केल्यासारखं वाटायचं, तिच्या नवऱ्याला मीच खाऊन संपवल्यासारखं. पुन्हा ती लोकांचा स्वयंपाक घेऊ लागली, मागे हात करून पहिला घास बोंदारला देऊ लागली, पण नाव न घेता. बोंदार वाढला, जडावला, अंगण त्याला लहान पडू लागलं. जेवून झालं की तिच्या पायाशी येऊन पडायचा आणि ती खुर्चीतून उठायची नाही, त्याची झोप मोडेल म्हणून. संध्याकाळचं ऊन दोघांवरून सावकाश सरकत जायचं.

आलुबुखारं निळी झाली. पांतेलिए गेला तेच दिवस. एका सकाळी मी झाडाखाली टोपली भरत होतो. कुंपण धुक्यात बुडालेलं. तिकडून आधी बोंदारच्या श्वासाचा आवाज आला, मग तिचा.

“नेआ ग्लिगोर, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“त्या शनिवारी सारमालेत मीठ कमी होतं का?”

मी टोपली खाली ठेवली. कोण म्हणालं, असं विचारलं.

“पांतेलिए. काल आला होता. चांगला भरला होता, गाल वर आले होते. काही मागितलं नाही. बसला, बोंदारच्या पाठीवरून हात फिरवला, आणि जाता जाता म्हणाला, तेया, सगळं पोचलं, पण मीठ कमी होतं.”

मी कुणाला बोललो नव्हतो. पाद्रीबाबांना नाही, गावात नाही, स्वतःशी पुटपुटलोसुद्धा नव्हतो. त्या दिवशीच्या भांड्याची चव फक्त दोघांना ठाऊक होती, मला आणि बोंदारला, आणि बोंदारने आजवर कुठल्याच अन्नाला नाव ठेवलेलं नाही.