ओढ्यापलीकडची लस

ओढ्यापलीकडच्या गावात देवीची साथ आली, तेव्हा मी अक्कलकोट तालुक्यात घरोघर लस टोचत हिंडणारा सरकारी माणूस होतो. ओढ्याच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. गुरांना हे ठाऊक नव्हतं आणि सोयरिकी जुळवणाऱ्यांनाही नव्हतं. माझी धाकटी बहीण पलीकडेच दिलेली. तिची तान्ही मुलगी अजून टोचलेली नव्हती, आणि त्यांच्याच गल्लीत एका घरात देवी निघाल्या होत्या.

आमच्या पंचायतीनं ओढ्यावर बाभळीच्या फांद्या टाकून वाट अडवली. पलीकडची लस संपलेली. मग आमची लस घेऊन मला पलीकडं धाडावं का, असं सोलापूरच्या साहेबांनी तिकडच्या साहेबांना विचारलं, त्यांनी त्यांच्या वरच्यांना. दोन्ही सरकारं इंग्रजीतून अदबीनं बोलत राहिली, आणि देवी कुणाची परवानगी न घेता हिंडत राहिली. शेवटी होकार आला. फांद्या बाजूला सारताना वाटलं, सुटला प्रश्न! खरं राजकारण बहिणीच्या उंबऱ्यावर माझी वाट बघत होतं.

बहिणीच्या सासूबाई म्हणजे त्या गल्लीचं हायकोर्ट. त्यांनी टोचून घेतलं तरच गल्ली घेणार. मी ओट्यावर बसून लस कालवली. एकदा कालवली की ती त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकायची.

"बेडरी!" त्या दारातूनच म्हणाल्या. "नको आमाला. सुनंच्या म्हायेरचं मानूस असं हात हालवत येतंय व्हय? ना कुंकू, ना बोलावणं."

"मावशी, लस सरकारची हाय, माझी न्हाय."

"मग सरकारला सांग कुंकू घेऊन यायला."

त्यांच्यामागं बहीण पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिचे डोळे भरलेले. माझं डोकं असं फिरलं की पेटी उचलून निघून जावं. पण त्या पोरीकडं बघून राग गिळला, सायकल उलटी फिरवली आणि आईला आणायला गेलो.

आईनं करंडा, खण, नारळ घेतला.

"टोचायला नारळ कशाला?" मी म्हणालो.

"गप बस. तुला मानपानातलं काय कळतंय?"

आणि खरंच, कुंकू लागताच विहीणबाई खुलल्या. आई म्हणाली, "ईनबाई, पयला मान तुमचा. घ्या टोचून."

विहीणबाईंनी हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. "छे छे! वयानं थोरल्या तुमी. आदी तुमी घ्या."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पंचक्रोशीतल्या बायका मी टोचल्या होत्या, पण माझी पेटी दिसली की आई परसातून पसार व्हायची. सुईला ती सापापेक्षा जास्त भ्यायची.

"मला कशाला आता? म्हातारीला..."

"का वो?" विहीणबाईंचा आवाज बदलला. "तुमाला नको ती माझ्या नातीला चालती व्हय?"

दारात जमलेली गल्ली आईकडं बघू लागली. आता आई मागं सरली असती तर एकाही दंडाला सुई लागली नसती. तिनं नातीकडं पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि पदर खांद्यावर सारला.

"टोच. पर बिगीबिगी."

मी सुई टोचली. आई "अगं बया!" म्हणून किंचाळली, तसा विहीणबाईंनी तिचा दुसरा हात घट्ट धरला. मग त्यांनी स्वतः घेतली. मग पोरीची पाळी आली. तिनं असं भोकाड पसरलं की दोघी आज्या एकदमच माझ्यावर खेकसल्या, एक कन्नडमध्ये, एक मराठीत. संध्याकाळपर्यंत गल्ली रांगेत उभी होती.

पुढं त्या गावात आणखी काही घरांत देवी निघाल्या. काही दिवसांनी मी धास्तावत बहिणीकडं गेलो. तिनं पोरीचं झबलं काढून मला तिचं सगळं अंग दाखवलं. एकच फोड होता, दंडावर, मी टोचलेल्या जागी, लस लागल्याची खूण. बहीण हसत होती आणि मला रडू आवरेना.